पाऊणशे फुलांचा स्कार्फ आणि वहीतला हिशेब

"रिकामा वेळ होता, म्हणून विणला." आपल्या भगिनींच्या तोंडून हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत एका ताईने पिशवीतून क्रोशाचा स्कार्फ काढला, तेव्हाही तिने हेच म्हटले. फुलाला फूल जोडून केलेला तो स्कार्फ हातोहात फिरला. "किती मिळतात गं?" कुणीतरी विचारले. "दुकानदार तीनशे देतो," ताई म्हणाली. आम्ही कचेरीत दिवसभर आकडेच मांडतो. राहवले नाही. ताईला म्हटले, "पुढचा स्कार्फ आमच्यासमोर विण. आम्ही वहीत टिपून घेतो."

त्या वहीत जे उतरले, ते वाचक भगिनींपुढे ठेवत आहोत. आधी कृती, मग हिशेब.

एक फूल असे करावे

फोर प्लाय लोकर आणि ३ मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्यावी. ६ साखळ्या घालून त्यांचे कडे करावे. पहिल्या फेरीत ३ साखळ्या घालाव्यात, हा पहिला खांब. मग कड्यात आणखी १५ खांब घालून एकूण १६ करावेत आणि फेरी बंद करावी. सुरुवातीचा सुटा दोरा कड्याला लागून धरावा आणि खांब त्याच्यावरूनच घालावेत. तो आत दडपला जातो आणि नंतर सुईने लपवावा लागत नाही. ही युक्ती ताईची.

दुसऱ्या फेरीत पाकळ्या येतात. पुढच्या खांबाच्या डोक्यात एकाच जागी ५ खांब घालावेत, ही एक पाकळी. त्याच्या पुढच्या खांबात सुई घालून दोरा थेट सुईवरच्या वेढ्यातून ओढून घ्यावा. या आखूड टाक्याने पाकळी खाली दबते आणि तिला गोलाई येते. असे आठदा केले की १६ खांबांवर ८ पाकळ्या बसतात. फूल साधारण ५ सेंटिमीटरचे होते. ते ताटलीसारखे सपाट बसले पाहिजे. कडा वर वळल्या तर हात घट्ट आहे आणि झालरीसारख्या लाटा आल्या तर हात सैल आहे, असे समजावे.

फुलाला फूल

सगळी फुले करून शेवटी शिवायला बसू नये. जोडणी विणतानाच करावी. पाकळीचा तिसरा खांब झाला की सुई वेढ्यातून काढून घ्यावी. शेजारच्या फुलाच्या पाकळीतील मधल्या खांबाच्या डोक्यातून सुई घालावी, सोडलेला वेढा पकडून त्यातून ओढून घ्यावा आणि पाकळीचे उरलेले दोन खांब पुरे करावेत. गाठ दिसत नाही आणि जोड सुटत नाही.

आठ पाकळ्या म्हणजे चार बाजूंना दोन दोन. म्हणून प्रत्येक शेजारी फुलाशी दोन पाकळ्या जोडाव्यात. रुंदीत ३ आणि लांबीत २५ अशी ७५ फुले झाली की १५ सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर लांब स्कार्फ तयार होतो. चार फुले जिथे भेटतात, तिथे बारीक चौकोनी झरोका राहतो. शोभा त्याचीच असते. रंग दोन किंवा तीनच घ्यावेत. घरातल्या उरलेल्या लोकरीच्या लहान गुंड्या यात छान खपतात, कारण एका फुलाला धागा थोडाच लागतो.

वहीतला हिशेब

आता वहीचे पान. ताईचा हात सरावलेला आहे. तरी जोडणीसह एका फुलाला तिला सरासरी १२ मिनिटे लागली. ७५ फुलांचे १५ तास झाले. प्रत्येक फुलाचे शेवटचे सुटे टोक सुईने लपवायला २ मिनिटे, म्हणजे आणखी अडीच तास. एकूण साडेसतरा तास! लोकर १२० रुपयांची. ३०० मधून १२० वजा जाता उरले १८०. त्याला साडेसतराने भागा. तासाला सव्वादहा रुपये पडतात. आठ तासांच्या दिवसाचे ८२.

ताई बराच वेळ पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा वेळ रिकामा कुठे होता? पोरं झोपल्यावरचा होता."

हे आजचे नाही

सुट्या फुलांची जोडणी ही पद्धत जुनी आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला, तेव्हा गरीब घरांतल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवण्यात आली. एकीने गुलाब करायचा, दुसरीने पान करायचे आणि तिसरीने ते सगळे जाळीत गुंफायचे. त्या लेसवर अनेक घरांची चूल पेटली, हे खरे.

आपल्या देशात आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली. सुरुवातीला ती विणणाऱ्या बहुतेक स्त्रिया ख्रिस्ती झालेल्या गरीब माला-मादिगा घरांतल्या होत्या. पुढे इतर जातींतल्या, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियाही त्यात आल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. फुले करणारी वेगळी, ती जोडणारी वेगळी आणि माल परदेशी पाठवणारा व्यापारी त्याहून वेगळा, अशी तिथली रचना. बायका दिवसाचे सहा-आठ तास विणत, मजुरी मात्र दिवसाला रुपयाच्याही खाली पडे. असे का? तर या कामगार नाहीत, घरी बसून फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी आहेत, असे सारे धरून चालत. बायकांनीही तसेच धरले होते.

आमच्या ताईचे पहिले वाक्य आठवा. कमी भावाची मुळी त्या वाक्यातच आहे. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, पण खऱ्या क्रोशाचा टाका हातानेच पडतो. दुकानातल्या प्रत्येक क्रोशाच्या फुलामागे कुठल्या तरी बाईची बारा मिनिटे आहेत.

मग काय केले?

ताईने तासाचे ३० रुपये धरले. मजुरी ५२५ आणि लोकर १२० मिळून ६४५, म्हणून भाव ६५० ठरला. दुकानदाराने एकही स्कार्फ घेतला नाही. "बाजारात दोनशेला मिळतो," असे म्हणून त्याने परत पाठवले. ताई खचली. आम्हालाही वाटले, उगाच हिशेब मांडला. मग मंडळातल्या नोकरी करणाऱ्या बायांनी आपापल्या कचेरीत स्कार्फ नेऊन दाखवले. दोन महिन्यांत चार विकले गेले. चारच! पण पुन्हा वही उघडली. चार स्कार्फचे सत्तर तास आणि खर्च वजा जाता उरले २,१२० रुपये. जुन्या भावाने दहा स्कार्फ विणले असते तर पावणेदोनशे तास गेले असते आणि हाती १,८०० पडले असते.

म्हणून भगिनींनो, सुईबरोबर एक वही ठेवा. सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ आणि लोकरीचा खर्च लिहा. बाहेरून नगावर काम घेत असाल तर नगाचा भाव, दिलेले नग आणि मिळालेले पैसे तारखेनिशी लिहून समोरच्याची सही घ्या. १६ ते ५९ वर्षे वयाच्या असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली, ती मोफत आहे. तिथे व्यवसाय विचारतात, तेव्हा "घरीच असते" असे सांगू नका. घरी बसून मोबदल्यावर काम करणारी व्यक्तीही कामगारच, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्येच करार करून मान्य केले आहे. आता ते आपणही मान्य करायला हवे.

परवाच्या बैठकीत एका नव्या मुलीने तोच स्कार्फ हातात घेऊन विचारले, "रिकाम्या वेळात केला का?" ताई म्हणाली, "नाही. साडेसतरा तासांत केला."