आपल्याच दाव्यांत आपणच न्यायाधीश

एकत्र कुटुंबांत भावाभावांचा तंटा झाला म्हणजे तो घरच्या कर्त्यापुढें जातो. परंतु तक्रार खुद्द कर्त्याविरुद्धच असली, तर ती कोणापुढें मांडावयाची? हा प्रश्न केवळ घरापुरता नाहीं. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या मोठमोठ्या विद्यापीठांपुढेंही तो उभा राहतो. तेथें हजारों माणसें नोकरीस असतात. त्यांपैकीं एखाद्यानें ‘माझ्यावर अन्याय झाला’ असें म्हटलें, म्हणजे तें ऐकणारा आणि ज्याच्याविरुद्ध तें म्हणणें आहे तो, हे दोघेही बहुधा एकच असतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा इतिहास या बाबतींत फार बोधप्रद आहे. आपल्या कित्येक घरांतील मुलें-मुली आज तिकडील विद्यापीठांत अध्यापन व संशोधन करीत असल्यामुळें हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं.

हें विद्यापीठ १८६८ सालीं स्थापन झालें. १८७९ च्या राज्यघटनेनें त्याचा कारभार ‘रीजंट’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या नियामक मंडळाच्या हातीं दिला. मतदानाचा अधिकार असलेले सभासद सव्वीस. पैकीं अठरा राज्याच्या गव्हर्नरानें बारा वर्षांकरितां नेमलेले, सात आपापल्या अधिकारपदामुळें आलेले, आणि एक विद्यार्थी. विद्यापीठाच्या शाखा दहा आहेत. परंतु कोणत्याही शाखेंतील नोकरानें संस्थेवर फिर्याद केली, तरी कोर्टाच्या कागदावर प्रतिवादी म्हणून नांव येतें तें या रीजंटांचेंच.

अर्थात् प्रत्येक तक्रार मंडळापुढें जाते असें नाहीं. प्रथम ती त्या कामाकरितां नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावयाची. तो साक्षी-पुरावे पाहून निर्णय देतो. प्रकरण कोर्टांत गेलें, तर विद्यापीठाचे वकील तें हातीं घेतात. तडजोडीची रक्कम लहान असल्यास अधिकारीच ती ठरवितात. मोठी असल्यास मंडळाची मंजुरी लागते. मंडळाच्या सभा कायद्यानें लोकांस खुल्या आहेत. मात्र चालू दाव्यासंबंधीं वकिलाशीं खल करावयाचा असल्यास दार लावून घेण्याची मुभा आहे. ही मुभा अवाजवी म्हणतां येणार नाहीं. आपली बाजू कोठें लंगडी आहे हें प्रतिपक्षासमक्ष कोण बोलेल? तथापि बाहेर तिष्ठत बसलेल्या नोकरास तें बंद दारच तेवढें दिसतें, हेंही खरें.

या व्यवस्थेचा खरा कस लागला तो गैरप्रकार उघडकीस आणणाऱ्या नोकरांच्या बाबतींत. सान फ्रान्सिस्को येथील शाखेंतील एका वास्तुशास्त्रज्ञ बाईंचें म्हणणें असें होतें कीं, कंत्राटांतील गैरव्यवहार वरिष्ठांच्या नजरेस आणल्यामुळें आपणांस त्रास सोसावा लागला. त्या सरळ कोर्टांत गेल्या. २००५ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें रीजंटांच्या बाजूनें निकाल दिला: आधीं विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रारीची वाट पुरी चालावी, मग न्यायालयाकडे यावें.

बरें, ती वाट पुरी चालल्यावर काय? तेव्हां विद्यापीठाच्या व्यवस्थेखालीं असलेल्या लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेंतील दोघां संगणकतज्ज्ञांनीं हेंही करून पाहिलें. एका प्रचंड प्रकल्पांतील दोष दाखविल्याबद्दल आपला सूड उगविला गेला, अशी त्यांची तक्रार होती. विद्यापीठानें चौकशी केली आणि तक्रार फेटाळली. २००८ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, कायद्याच्या शब्दांप्रमाणें विद्यापीठानें मुदतींत निर्णय दिला असेल, तर नुकसानभरपाईचा दावाच लागूं शकत नाहीं! म्हणजे आरोपीनेंच वेळेवर स्वतःस निर्दोष ठरविलें कीं प्रकरण मिटलें. निकालांत सामील असलेल्या कांहीं न्यायमूर्तींनाच हें खटकलें, व कायदेमंडळानें फेरविचार करावा असें त्यांनीं वेगळें लिहून ठेविलें. अखेर २०१० सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. विद्यापीठानें अठरा महिन्यांत तक्रारीचें समाधानकारक निवारण न केल्यास नोकरास दाद मागण्याची वाट मोकळी राहिली.

नियामक मंडळाचें दुसरें कर्तव्य म्हणजे, शिक्षा देण्यापूर्वीं माणसाचें म्हणणें ऐकून घेणें. टेक्सासमधील ओडेसा ज्युनियर कॉलेजांत सिंडरमन नांवाचे प्राध्यापक होते. राज्याच्या कॉलेजांतून त्यांची दहा वर्षें सेवा झाली होती. १९६९ सालीं तेथील रीजंटांनीं त्यांचा करार पुढें चालविला नाहीं. आज्ञाभंगाचा आरोप प्रसिद्ध केला, पण सुनावणी दिली नाहीं. १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, कायमपणाचा लेखी करार नसला तरी संस्थेच्या रीतिरिवाजावरून तसा हक्क सिद्ध करण्याची संधि त्यांस मिळाली पाहिजे, आणि तो सिद्ध झाल्यास सुनावणी देणें भाग आहे. त्याच दिवशीं विस्कॉन्सिनमधील, केवळ एका वर्षाच्या नेमणुकीवरील दुसऱ्या एका प्राध्यापकाचा दावा मात्र त्याच न्यायालयानें अमान्य केला. हक्काला आधार लागतो. नुसती आशा पुरत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत १९९४ च्या आणि त्याच्या जागीं आलेल्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानें तक्रारनिवारण समिति ठेविली आहे; शिवाय बडतर्फी किंवा पदावनति झालेल्या नोकरास स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें. मात्र त्यासाठीं मुदत अवघी तीस दिवसांची! घरांत कोणी विद्यापीठाच्या नोकरींत असेल, तर नेमणुकीचे कागद, पत्रें व तारखा नीट जपून ठेवण्याची संवय त्यास अवश्य लावावी. न्याय पुष्कळदां सत्याच्या अभावीं नव्हे, तर कागदाच्या अभावीं हुकतो.

अंतर्गत चौकशी वाईट नाहीं. ती स्वस्त असते, लवकर होते, आणि घरची मंडळी घरचें वर्म जाणतात. परंतु तिचा निर्णय बाहेरच्या कोणी तपासण्याची सोय असेल, तरच ती प्रामाणिकपणें होते. कर्त्यानें घरांत न्याय जरूर करावा. पण जेथें तो स्वतःच वादी किंवा प्रतिवादी आहे, तेथें शेवटचा शब्द दुसऱ्याचा असावा, यांतच त्याची खरी प्रतिष्ठा आहे.