स्पीकरच्या तारेवर पैसे ओतण्यापूर्वी

घरात कुणाला म्युझिक सिस्टमचं वेड असेल तर हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. नवी वायर जोडली जाते, तुम्हाला हाक मारून सोफ्यावर बसवलं जातं आणि विचारलं जातं, ‘‘फरक जाणवला ना?’’ वायरची किंमत ऐकल्यावर ‘नाही’ म्हणायचा धीर होत नाही.

हे वेड कुठवर जातं पाहा. 1990 च्या सुमारास परदेशातले शौकीन सीडीच्या कडेवर हिरवं मार्कर पेन फिरवू लागले. म्हणे, हिरवा रंग विखुरलेला लेझर शोषतो आणि आवाज स्वच्छ होतो. पण सीडी प्लेअरचा लेझर डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड असतो. शिवाय सीडीवर असतात ते आकडे आणि वाचनातल्या लहानसहान चुका प्लेअर स्वतःच दुरुस्त करतो. इंग्लंडचे पीटर बेल्ट तर स्वतःचा फोटो फ्रीजरमध्ये ठेवायला सांगत. मटारच्या पिशवीशेजारी!

वायरचं गणितही सोपं आहे. अॅम्प्लिफायरपासून स्पीकर 3 मीटरवर असेल तर 2.5 चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन विद्युतरोध सुमारे 0.04 ओहम होतो. स्पीकरचा असतो साधारण 8 ओहम. 2007 मध्ये अमेरिकन जादूगार जेम्स रँडी यांनी 7,250 डॉलरच्या स्पीकर वायरी न बघता, नुसत्या कानांनी ओळखणाऱ्याला 10 लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी शेवटी झालीच नाही.

मग फरक जाणवतो तो खोटा का? जाणवणं खरंच असतं. पैसे मोजल्यावर आपण अधिक लक्ष देऊन ऐकतो आणि आवाज किंचित मोठा झाला तरी तो ‘चांगला’ वाटतो.

म्हणून वायर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी घरीच परीक्षा घ्या. आवाजाची पातळी तीच ठेवा. मुलीला पडद्यामागे वायर बदलायला सांगा, कधी बदलायची, कधी नुसतं तसं भासवायचं. 10 वेळा ओळखायचं. 5-6 बरोबर आली तर तो नाणेफेकीचाच निकाल. 9 आली तर खुशाल वायर ठेवा.

आपल्या घरांत खरी अडचण बहुधा वेगळीच असते. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि जागा वाचवायला कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर. कोपऱ्यात ढोलक-तबल्याचा आवाज घुमतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा, जमिनीवर सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा आणि तेच गाणं पुन्हा ऐका. याला फक्त अर्धा तास लागतो आणि फर्निचर सरकवायला कुणीतरी मदतीला.