चितळ आणि जिराफ : सामर्थ्यांतील नाजूकपण

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एखाद्या वन्य पशूचें नांव येतें, तें बहुधा माणसास त्याची भीति वाटली म्हणून. पशूची स्वतःची भीति, त्याच्या देहाचें नाजूकपण, यांची वार्ता क्वचितच होते. पुण्याच्या दक्षिणेस कात्रज येथें असलेल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयांत लागोपाठच्या दोन वर्षांत घडलेल्या दोन घटना या दृष्टीनें विचार करण्याजोग्या आहेत.

मार्च २०२४ मध्यें तेथील एक बिबट्या पिंजऱ्यांतून निसटला आणि साऱ्या शहराचें लक्ष कात्रजकडे लागलें. सुमारें दीड दिवसानें तो संग्रहालयाच्या आवारांतच सांपडला. कोणासहि इजा झाली नाहीं. पुढें जुलै २०२५ मध्यें त्याच संग्रहालयांत थोड्याच दिवसांत १५ हून अधिक चितळें मृत्युमुखीं पडलीं. या वेळीं कोणी निसटलें नव्हतें, कोणी कोणावर झडप घातली नव्हती. प्रयोगशाळेंतील तपासणीनंतर कारण निष्पन्न झालें, तें लाळ-खुरकूत.

खेड्यांतील शेतकऱ्यास हा रोग चांगला परिचित आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण अशा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांस तो एका अतिसूक्ष्म विषाणूमुळें होतो. ताप येतो, तोंडांत व खुरांच्या बेचक्यांत फोड उठतात, लाळ गळूं लागते. चालणें व खाणें दोन्हीं कठीण होतात. प्रौढ गाय-बैल बहुधा यांतून उठतात; परंतु कोवळ्या जनावरांत हा विषाणु हृदयाच्या स्नायूंवरच घाला घालतो, आणि बाह्य लक्षणें पुरतीं दिसण्यापूर्वींच मृत्यु येऊं शकतो. माणसास या रोगाचें भय जवळजवळ नाहीं; मात्र माणसाचे कपडे, पादत्राणें, गाडीचीं चाकें आणि चारा यांच्यावरून तो एका ठिकाणाहून दुसरीकडे पोंचतो.

मग आजारी चितळ धरून त्यास औषध कां देऊं नये, असा प्रश्न सहज सुचतो. अडचण चितळाच्या देहांतच आहे. त्याचें सारें संरक्षण दोन गोष्टींवर अवलंबून : कळप आणि पळ. पण कळपामुळेंच रोग एका तोंडावरून दुसऱ्या तोंडास जातो, आणि पळण्याची शक्तिच धरपकडीच्या वेळीं घातक ठरते. घाबरलेलें हरीण जिवाच्या आकांतानें धांवतें, तेव्हां त्याच्या स्नायूंत आम्ल सांचतें, स्नायूंचे तंतु तुटूं लागतात आणि त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरून मूत्रपिंडें निकामी करतात. वरकरणी धडधाकट दिसणारें जनावर कांहीं तासांनीं, क्वचित् कांहीं दिवसांनीं, मरून पडतें. रोग अधिक घातक कीं उपचार, हें पशुवैद्यास प्रत्येक वेळीं तोलून पाहावें लागतें.

सामर्थ्यच दुर्बलता होऊन बसावें, याचें पराकाष्ठेचें उदाहरण आफ्रिकेंतील जिराफाचें. तोहि दुभंगलेल्या खुरांचा, म्हणजे चितळाचा दूरचा भाऊबंदच. पूर्ण वाढलेला नर साडेपांच मीटरांपर्यंत उंच होतो. मान सुमारें दोन मीटर लांब, पण तींत मणके माणसाच्या मानेइतकेच, म्हणजे सात ! इतक्या उंचीवरील मेंदूस रक्त पोंचविण्यासाठीं सुमारें ११ किलो वजनाचें हृदय राबत असतें, आणि रक्ताचा दाब माणसाच्या सुमारें दुप्पट असतो. मान खालीं झुकली म्हणजे हा दाब मेंदूवर कोसळूं नये, यासाठीं मानेच्या शिरांत झडपा व मेंदूच्या तळाशीं सूक्ष्म धमन्यांचें जाळें असतें. पायांत सूज येऊं नये म्हणून तेथील कातडी घट्ट मोज्यासारखी आवळलेली असते. तरीहि पाणी पिण्यासाठीं पुढचे पाय फांकवून उभा राहिलेला जिराफ चटकन् सावरूं शकत नाहीं. सिंह नेमकी हीच संधि साधतो.

ही सूक्ष्म व्यवस्था भुलीच्या औषधानें डळमळते. श्वास मंदावतो, पोटांतील चारा उलटून श्वासनलिकेंत जाऊं शकतो, आणि कोसळतांना मान मोडण्याचें भय असतें तें निराळेंच. म्हणून आफ्रिकेच्या रानांत जिराफ पकडणारे पशुवैद्य तो खालीं येतांच उताऱ्याचें औषध टोंचतात, आणि शुद्धीवर आलेल्या जनावरास माणसांच्या बळानें दाबून धरून काम उरकतात. कांहीं प्राणिसंग्रहालयांत तर जिराफास खाऊच्या आमिषानें स्वखुषीनें पाय पुढें करावयास शिकवितात. मग खूर तपासण्यास भूल द्यावी लागत नाहीं.

चितळांच्या कळपास असें एकेक करून शिकविणें दुष्कर. तेथें रोग येण्यापूर्वींची दक्षता हाच खरा उपाय. देशांतील गाई-म्हशींस या रोगाची लस दर सहा महिन्यांनीं टोंचण्याची सरकारी योजना २०१९ मध्यें सुरू झाली. कुंपणाबाहेरील गोठा जितका निरोगी, तितका कुंपणाआंतील कळपहि निर्धोक. प्रेक्षकाचेंहि यांत कर्तव्य आहे : बाहेरचें खाद्य आंत टाकूं नये, आरडाओरडा करूं नये. टाळी वाजवितांच उधळणारा कळप पाहून मुलांस मौज वाटते. त्या उधळण्याची किंमत काय असूं शकते, हें वडील माणसांनीं त्यांस कुंपणाशींच सांगावयास हवें.