लेगेट: पोप गेल्यावर दूताच्या सहीला किंमत किती?

लेगेट म्हणजे पोपचा दूत. पण नुसता निरोप्या नाही हां. पेशव्यांचा वकील परक्या दरबारात धन्याच्या वतीने बोलायचा ना, तसंच काहीसं. त्याचा शब्द म्हणजे पोपचा शब्द.

आता हे बघा. १०५४ साली पोप लिओ नववे यांनी कार्डिनल हंबर्टला कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं. बोलणी फिसकटली. १६ जुलैला हंबर्टने थेट हागिया सोफियाच्या वेदीवर तिथल्या धर्मप्रमुखाला, म्हणजे पॅट्रिआर्कला, बहिष्कृत केल्याचं पत्र ठेवलं. पण लिओ एप्रिलमध्येच वारले होते! धनीच नाही, मग अधिकार कुणाचा? यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तिकडूनही उलट बहिष्कार आला. दोन्ही बहिष्कार मागे घ्यायला १९६५ उजाडलं. अधिकार उसना होता, परिणाम मात्र नऊशे वर्षं टिकला.