लोणावळ्याच्या छतातलं पाणी

तुंगार्ली, वळवण, खंडाळा, इकडे पवना धरणाचा काठ. मावळात नव्याने उभ्या राहणाऱ्या बंगल्यांच्या भिंतींवर आता पूर्वीसारखा एसी दिसतोच असं नाही. छताच्या कडेला एक लांबट जाळी तेवढी दिसते. यंत्र असतं वर, स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्या मधल्या फूट-दीड फुटाच्या पोकळीत, चार सळ्यांवर टांगलेलं. पत्र्याची एक पेटी, तिच्यात ब्लोअर, तांब्याच्या नळ्यांची कॉइल आणि कॉइलखाली पाणी झेलणारा ट्रे. हा एअर हँडलर. घरातली हवा ओढायची, ती गार किंवा गरम करायची आणि डक्टमधून खोल्याखोल्यांत परत पाठवायची, एवढंच त्याचं काम. पुण्यात ते बसवणं एक गोष्ट, लोणावळ्यात बसवणं दुसरी.

कारण इथला प्रश्न उन्हाळ्याचा नाही. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांवरच्या या गावात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. याच पावसावर टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे तलाव बांधले आणि 1915 पासून खाली खोपोलीला वीज तयार होऊ लागली. पण पाऊस नुसता तलावात राहत नाही, तो घरात येतो. जुलैत बाहेर 24 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असली, तर प्रत्येक किलो हवेत सुमारे 17 ग्रॅम वाफ असते. माणसाला बरं वाटायला त्याच तापमानाला नऊ-दहा ग्रॅम पुरे. बारा बाय पंधराच्या, दहा फूट उंच खोलीत मावणारी हवा साधारण साठ किलो. म्हणजे एका खोलीच्या हवेतच जवळजवळ अर्धा लिटर पाणी जास्तीचं. गाद्या, पडदे आणि भिंती यांनी शोषलेलं वेगळंच.

हे यंत्र जन्मालाही आर्द्रतेमुळेच आलं. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा आणि रंगांची छपाई एकमेकांवर नीट बसायची नाही. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरकडे मागणी होती ती आर्द्रता 55 टक्क्यांवर स्थिर ठेवण्याची. गार कॉइलवरून हवा नेली की वाफेचं पाणी होऊन ते वेगळं पडतं, हे त्याचं सूत्र. तुंगार्लीच्या छतात आजही तेच सूत्र राबतं.

तरीही इथे यंत्राच्या क्षमतेचा, म्हणजे टनांचा, हिशेब सर्रास चुकतो. मुंबईचा मालक मुंबईच्या मे महिन्याचा अंदाज धरतो, आणि विकणाराही मोठं यंत्र आनंदाने देतो. जुलैत खोली मुळात 25 अंशांवर असते. तीन टनांचं यंत्र ती पाच-सात मिनिटांत 23 वर आणतं आणि थांबतं. तेवढ्यात कॉइलवर जमलेलं पाणी ट्रेपर्यंत नीट पोचतही नाही. ब्लोअर चालू राहिला तर तेच पाणी पुन्हा हवेत मिसळतं. खोली गारही होते आणि ओलीही राहते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. लहान यंत्र, मंद ब्लोअर आणि कॉइलच्या पुढे एक हीटर, ही इथली खरी जुळणी. हवा आधी तेरा अंशांपर्यंत उतरवून तिच्यातलं पाणी काढायचं, मग ती थोडी तापवून खोलीत सोडायची. मावळातल्या घरांत पावसाळ्यात चुलीच्या वरच्या दोरीवर कपडे वाळायचे, ते याच न्यायाने: तापलेली हवा ओल ओढून घेते. लोणावळ्यात हीटरची खरी गरज डिसेंबरपेक्षा जुलैत जास्त असते, हे मालकाला पटवायला वेळ लागतो. विजेचं बिल वाढतं, हेही खरं.

पण सगळं कसब पाहायचं तर ट्रेखालच्या नळीकडे पाहावं. तीन टनांचं यंत्र दमट दिवशी तासाला पाच-सहा लिटर पाणी सहज काढतं. ते जायचं कसं? अनेक पेट्यांत ब्लोअर कॉइलच्या पुढे असतो आणि कॉइलमधून हवा ओढतो. त्यामुळे ट्रेपाशी हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. नळी सरळ बाहेर काढली, तर तिच्यातून बाहेरची हवा आत घुसते आणि पाणी ट्रेमध्येच अडतं. सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. पाणी काठोकाठ भरलं, की ते सीलिंगवर उतरतं आणि पाहुणे झोपलेले असताना पांढऱ्या जिप्समवर पिवळा डाग पसरू लागतो.

उपाय म्हणजे ट्रॅप, नहाणी ट्रॅपचाच भाऊबंद. नळीला खाली वळण द्यायचं, त्यात पाणी साठू द्यायचं, म्हणजे हवेची वाट बंद होते आणि जास्तीचं पाणी पुढे सरकतं. ब्लोअरची ओढ पाण्याच्या उंचीत एक इंच असेल, तर ट्रॅपमधल्या पाण्याची उंची त्याहून जास्त हवी. पुढच्या नळीला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर ढाळ हवा. चांगला एसी मेकॅनिक पेटी टांगतानाच पाणसळ लावतो आणि ती ड्रेनच्या बाजूला किंचित झुकती ठेवतो. नळीवरही इन्सुलेशन चढवतो, कारण आतलं पाणी गार असतं आणि नळीलाच बाहेरून घाम फुटतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापलेलं नसतं. हा हात ज्याचा बसला, त्याला मान मिळायला हवा.

आता अडचणी. पहिली, दीड फुटाच्या पोकळीत ट्रॅपला लागणारी खोली मिळत नाही. इंटिरिअरवाला सीलिंग वर ढकलतो, ढाळ नाहीसा होतो आणि शेवटी पंप बसवावा लागतो. पावसाळ्यात वीज गेली की पंप बंद, इन्व्हर्टरवर तो सहसा जोडलेला नसतो. दुसरी, भिंतीतून नळ्या नेण्याचं भोक. ते बाहेरच्या बाजूला उतरतं नसेल, तर घाटातला आडवा पाऊस त्याच वाटेने आत येतो. तिसरी, गॅसच्या नळ्या जोडताना व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ न चालवणं. दमट हवेचा अंश आत राहिला, तर तेल खराब होतं आणि त्याची किंमत कॉम्प्रेसर मोजतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र माणसांच्या सवयीची आहे. हे बंगले सोमवार ते शुक्रवार बंद असतात. एप्रिल-मेमध्ये ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं, जूनच्या पहिल्या शनिवारी यंत्र चालू होतं आणि कोरड्या ट्रॅपमधून हवा ओढत राहतं. जुलैत दारं आठवडाभर बंद, आत ओल साचलेली, ती दोन रात्रींत कितीही टनांनी निघत नाही. अशा घरात आर्द्रता पाहून आपोआप चालू-बंद होणारा वेगळा डीह्युमिडिफायर ठेवणं जास्त शहाणपणाचं. आणि पाऊस पाहायला खिडकी उघडली असेल, तेव्हा यंत्र बंद करावं. लोणावळ्याची हवा सुकवणं कोणत्याही कॉइलच्या आवाक्यातलं नाही.

ट्रेपर्यंत हात पोचेल एवढं झाकण सीलिंगमध्ये ठेवायला आजही अनेक ठिकाणी राहून जातं. मग ट्रेमधला शेवाळाचा गाळ काढायला सीलिंग कापावं लागतं. बंगला बांधत असलेल्यांनी त्या झाकणाचा आग्रह धरावा. सीलिंग बंद होण्याआधी ब्लोअर पूर्ण वेगाने चालू ठेवून ट्रेमध्ये बादलीभर पाणी हळूहळू ओतायला सांगावं, आणि ते सगळं बाहेर पडल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय मिस्त्रीला पैसे देऊ नयेत.