चाक जड का फिरतंय?

बारामती मागे टाकून इंदापूर रस्त्याला लागलं की पिंपळी लगेच येते. एप्रिलातले साडेदहा वाजलेत. रसवंतीचं घुंगरू वाजतंय. दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटारसायकली धडधडत जातायत. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्याने काटेवाडीकडे जाते. आत्ता एक इलेक्ट्रिक रिक्षा अंगाशी येऊन पुढे निघून जाते, तेव्हा कुठे ती मागे होती हे कळतं.

इलेक्ट्रिक गाड्यांची दुरुस्ती शिकवणाऱ्या पत्र्याच्या शेडच्या दारात एक ट्रे. त्यात अंगठ्या, कडी, घड्याळं, गळ्यातल्या चेनी. आत शिरायचं तर धातू उतरवायचा. पन्नाशीच्या एका गॅरेजवाल्या काकांची अंगठी निघत नाही. एक पोरगं साबणाचं पाणी आणतं. "४८ व्होल्टला काय होतंय?" काका कुरकुरतात. "झटका बसायचा नाही काका," सर सांगतात, "पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी आली तर ती लाल होईल. बोटासकट." अंगठी निघते.

पत्रा तापलाय. दोन पंखे गरम हवाच फिरवतायत. डाव्या हाताला रिक्षाचा उघडलेला बॅटरी पॅक आणि त्यापुढे रांग. पोरं बारा-पंधरा, मीटर दोनच. पॅकमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल, एकापुढे एक जोडलेले. प्रत्येकाचा व्होल्टचा आकडा मोठ्याने सांगायचा, फळ्याशी उभी असलेली मुलगी तो लिहिते. ३.३१. ३.३१. पुन्हा ३.३१. रांगेतल्यांना जांभया यायला लागतात. अकराव्या सेलला पोरगं थांबतं, मीटरची टोकं पुसतं, पुन्हा लावतं. २.७४.

एकूण बेरीज ५२.४ येते. नुसता पॅकचा आकडा बघितला असता तर सगळं छान होतं. असली रिक्षा सपाटीला पळते आणि भरल्या गाडीला पुलाचा चढ लागला की गप्प होते, कारण जोर पडला की तो एकच सेल खाली बसतो आणि बीएमएस, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारं सर्किट, सगळा पॅक तोडतं. गिऱ्हाईक म्हणतं, मोटर गेली.

पुढे कोपऱ्यात मोटारीचा सांगाडा. त्यातल्या जाड नारिंगी केबलींपाशी कोणी रेंगाळत नाही. इथे व्होल्टेज शेकड्यांत जातं. रबरी हातमोजे, त्यावर चामड्याचे. मोजे घालण्याआधी फुगवून बघायचे, हवा कुठे सुटते का ते. सर्व्हिस प्लग काढला की बसून राहायचं. कपॅसिटरमधला साठा उतरेपर्यंत कशालाच हात नाही. दहा मिनिटं. घामाने हातमोज्यांच्या आत बोटं बुळबुळीत झालीत. कोणी मोबाईल काढला तर सर नुसते बघतात. मग मीटर आधी चालू बॅटरीवर तपासायचा, मग गाडीवर, मग पुन्हा बॅटरीवर. शून्य दिसलं तर ते गाडीचं शून्य आहे की बिघडलेल्या मीटरचं, हे कळायला. मला या शेडमधला सगळ्यात अवघड धडा हा बसण्याचाच वाटतो.

काकांचं मन मात्र मागच्या स्टँडवरच्या स्कूटरपाशी आहे. इंजिनाच्या आवाजावरून व्हॉल्व्ह ओळखणारा माणूस. इथे ऐकायला काहीच नाही. ते सवयीने वाकून कान लावतात, मग सरळ होतात. "हाताने चाक फिरवा," सर म्हणतात. फिरतं, पण अडखळत, जड. चावी बाहेर आहे. "आता कंट्रोलरकडून येणाऱ्या तिन्ही फेज वायरी सोडवा." पिवळी, हिरवी, निळी सुटते. चाक भिरभिरायला लागतं. सर वायरींची टोकं एकमेकांना टेकवतात, चाक पुन्हा जड. काका स्वतः टेकवून बघतात. सोडतात. पुन्हा टेकवतात. चेहरा उजळतो. "म्हणजे मोटर चांगली. कंट्रोलर आतून शॉर्ट."

"बरोबर. आणि का झाला असेल?"

कंट्रोलर सोडवून बाकावर येतो. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज, तळाशी वाळलेला गाळ. पोरं एकदम बोलायला लागतात. उसाच्या रानातला चिखल, मग प्रेशर पंपाने धुणं, तेही सीट उघडून. सगळ्यांच्या घरी तसंच धुतात.

"ते ठीक," काका पिना पुसत पुसत विचारतात, "पण सर, मजुरी कशाची घ्यायची? हात काळे झाले नाहीत, घण लागला नाही. गिऱ्हाईक म्हणणार, नुसती वायर काढून लावली."

"तपासणीचे पैसे आधीच सांगायचे."

"आमच्याकडं? तपासणीचे?"

"डॉक्टरला देता ना काका," फळ्याजवळची मुलगी म्हणते.

"त्यो सुई देतो," मागून कोणीतरी बोलतं, आणि शेडभर वाद सुरू होतो. दोनशे, तीनशे, पन्नास. सर भिंतीवरचं घड्याळ बघतात. डब्याची वेळ टळून गेलीय.