पहिली सायकल निवडताना

(मोठ्या वयात सायकल शिकणाऱ्या स्त्रीने रोजच्या कामासाठी कशी सायकल घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

समजा, तुमच्या खाला अंगणवाडीत काम करतात. अंगणवाडी घरापासून चार किलोमीटर दूर आहे. चालत गेल्यास पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. रिक्षाला रोज पैसे पडतात. सायकल असेल, तर हेच अंतर वीस-पंचवीस मिनिटांत संपेल आणि कोणाची वाटही पाहावी लागणार नाही. पण खालांनी आजवर सायकल चालवलेली नाही. त्या तुम्हांला विचारतात, “बेटा, कोणती सायकल घेऊ?” तुम्ही काय सांगाल?

घरातले कोणी म्हणेल, “नवी कशाला? अब्बांची जुनी सायकल आहे की!” ती सायकल उंच असते. तिला मधे आडवी दांडी असते आणि तिचे वजन सुमारे वीस किलो भरते. अशा सायकलवरून खाला दोनदा पडल्या, की सगळे म्हणतात, “त्यांना जमणार नाही.” खरे तर दोष खालांचा नसतो. सायकल त्यांच्या मापाची नसते. चप्पल आपण पायाच्या मापाची घेतो. सायकलही चालवणाऱ्याच्या मापाची हवी.

माप कसे पाहावे? नवशिक्याला सर्वांत जास्त भीती पडण्याची वाटते. म्हणून सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. तोल जाऊ लागला, की पाय टेकता येतात आणि भीती कमी होते. लेडीज सायकलची चाके बहुधा २६ इंचांची असतात. उंची कमी असल्यास २४ इंची चाकांची सायकल पाहावी. चालवण्याची सवय झाली, की सीट थोडी वर घ्यावी. सीट फार खाली असेल, तर गुडघे जास्त वाकतात आणि पाय लवकर थकतात. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर आहे असे समजावे.

आता कपड्यांचा विचार करू. साडी, सलवार-कमीज किंवा बुरखा घालून दांडीवरून पाय टाकणे कठीण जाते. लेडीज सायकलची नळी खाली झुकलेली असते, त्यामुळे चढणे-उतरणे सोपे होते. चेनवर पूर्ण झाकण असावे. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्यावी. ओढणीचे टोक चाकात अडकले, तर मोठा अपघात होऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी ओढणी नीट बांधावी.

हँडल असे असावे, की पाठ सरळ ठेवून बसता येईल. सरळ बसले, की समोरची रहदारी चांगली दिसते. अशा बसण्यात शरीराचा बराच भार सीटवर येतो, म्हणून सीट रुंद असावी. ब्रेक दुकानातच दाबून पाहावेत. हात लहान असेल, तर बोटे ब्रेकपर्यंत सहज पोहोचतात का, हे जरूर पाहावे. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हळूहळू दाबण्याची सवय लावावी.

गिअर हवेत का? रस्ता सपाट असेल, तर गिअरची गरज नाही. वाटेत मोठा चढ असेल, तर मात्र गिअरमुळे पॅडल मारणे हलके होते. फार बारीक टायर खड्ड्यांत त्रास देतात. फार जाड टायर ओढायला जड जातात. मध्यम जाडीचे टायर रोजच्या कामाला बरे. घंटी, मडगार्ड, स्टँड, कॅरिअर आणि मागे लाल दिवा या वस्तू साध्या दिसतात, पण रोज उपयोगी पडतात. जुनी सायकल घ्यायची असेल, तर चाक फिरवून पाहावे. ते डगमगत असेल किंवा फ्रेमला तडा असेल, तर ती घेऊ नये.

मग दांडीची सायकल वाईटच का? तसे नाही. तमिळनाडूमध्ये पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तेथे १९९१ साली साक्षरतेच्या चळवळीबरोबर स्त्रियांना सायकल शिकवण्याचे काम सुरू झाले. शेतात व दगडांच्या खाणीत राबणाऱ्या स्त्रिया, अंगणवाडी सेविका, परिचारिका अशा हजारो जणी सायकल शिकल्या. त्यांत मुस्लीम मुलीही होत्या. मागणी एवढी वाढली, की लेडीज सायकली कमी पडल्या. तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या. काहींना तर तीच सायकल आवडली, कारण पुढच्या दांडीवर लहान मुलाला बसवता येत होते! म्हणजे सायकल निवडताना आपले काम कोणते, हेही पाहावे लागते.

तर खालांबरोबर दुकानात जा. त्यांना सायकलवर बसू द्या, पाय टेकून पाहू द्या, ब्रेक दाबू द्या. निवड त्यांनाच करू द्या. मग मोकळ्या मैदानात सीट खाली करून, पायांनी ढकलत तोल सांभाळायला शिकवा. थोड्याच दिवसांत त्या म्हणतील, “बेटा, आता मागून धरू नकोस. मी जाते!”

शब्दार्थ
नवशिका – नुकताच शिकू लागलेला
रहदारी – रस्त्यावरची ये-जा
तडा – चीर, भेग
परिचारिका – नर्स

स्वाध्याय
१. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला का टेकले पाहिजेत?
२. पुदुकोट्टईतील काही स्त्रियांना दांडीची सायकल का आवडली?
३. ‘दोष खालांचा नसतो’ असे लेखात का म्हटले आहे?
४. तुमच्या घरातील एका स्त्रीला रोज कोठे जावे लागते ते विचारा. तिच्यासाठी कशी सायकल योग्य ठरेल, ते पाच वाक्यांत लिहा.